सच्या, पिनची गोष्ट बायोडाटात का नाही?

प्रिय सच्या,

तुझा बायोडाटा मिळाला, दोनदा वाचला आणि खरं सांगू का, डोकंच फिरलं. 'रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी', 'हॅण्डल्ड कस्टमर कम्प्लेंट्स', 'हार्डवर्किंग टीम प्लेयर'... अरे हे काल डिप्लोमा पास झालेलं पोरगंपण लिहितं रे. इतकी वर्षं शॉप फ्लोअरवर घासलीस ती यात दिसतच नाहीत. मी आता चाकणला टेबलाच्या पलीकडे बसतो ना, असे कागद ढिगाने येतात आणि सगळे एकाच झेरॉक्स मशीनमधून निघाल्यासारखे, नाव झाकलं तर कोण कुठला कळणार नाही.

आठवतो का तो ब्रॅकेटचा लोचा? होलची पोझिशन आऊट जात होती, कस्टमरने अख्खा लॉट अडवला, तू रात्रीची गाडी पकडून पोरं घेऊन तिकडे सॉर्टिंगला, म्हणजे खराब पार्ट वेगळे काढायला, गेलास, परत आलास तर सगळे ऑपरेटरच्या नावाने बोंबलत होते. आणि तू फिक्श्चर, म्हणजे पार्ट धरून ठेवणारा साचा, खोलून बघितलंस तर पार्ट नेमक्या जागी बसवणारी लोकेटिंग पिन घासलेली. बरं पिन बदलून मोकळा नाही झालास, ती घासेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही ते शोधत बसलास, आणि निघालं काय, तर प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या चेकशीटमध्ये पिनचं माप घ्यायचा कॉलमच नव्हता. तो तू घालून घेतलास. हे सगळं मला फोनवर तासभर सांगितलंस आणि बायोडाटात त्याचं काय झालं, तर 'हॅण्डल्ड कस्टमर कम्प्लेंट्स'! एटडी, ती तक्रारीचं मूळ कारण शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत, म्हणजे नुसता फॉरमॅट भरणं नाही हे ज्याला कळतं तो माणूस आम्हाला पाहिजे असतो, आणि तो तू आहेस, पण समोरच्याने ते काय स्वप्नात बघायचं?

तर ती गोष्ट आधी चार ओळीत लिही. काय बिघडलं, तू काय बघितलंस, कारण काय निघालं, नंतर काय बदललं. अशा अजून दोन तयार ठेव. आणि इंटरव्ह्यूत 'आम्ही केलं, आम्ही केलं' करू नकोस, तुझी ती जुनी सवय आहे, चांगुलपणाची आहे हे मान्य, पण समोरच्याला तू काय केलंस ते हवंय. दोन-तीन मिनिटात सांग आणि गप्प बस. शांतता झाली की तू घाबरून बोलत सुटतोस, त्यातच लोक अडकतात.

दुसरं म्हणजे, जे लिहिलंय त्यावर प्रश्न येणारच. पीपॅप, म्हणजे नवीन पार्टची कस्टमरकडून मंजुरी घ्यायची पद्धत, लिहिलंयस ना, मग त्यातल्या लेव्हल थ्रीला काय काय सबमिट करतात हे विचारणार. एमएसए, म्हणजे मोजण्याच्या पद्धतीचीच तपासणी, लिहिलंस तर गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यामुळे मापात येणारा फरक, 10% च्या आत असेल तर ठीक, 30% च्या वर गेलं तर मोजायची ती पद्धत बाद, एवढं तरी पटकन यायला हवं, आणि मधलं आलं तर तू काय केलं असतंस हा खरा प्रश्न. सीपीके, म्हणजे प्रोसेस मापाच्या मर्यादेत किती नीट बसते तो आकडा, 1.33 हवा हे तर सगळेच पाठ करून येतात. जे येत नाही ते 'यावर हात बसलेला नाही' असं सरळ सांग, फेकाफेक केलेली दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. आमच्याकडे टेक्निकल राऊंड अर्धा हिंदी अर्धा मराठीच चालतो, एचआरसमोर मात्र स्वतःबद्दल पाच-सहा वाक्यं इंग्रजीत नीट बोलता आली पाहिजेत, ती वहिनीसमोर मोठ्याने बोलून बघ, हसली तर हसू दे. आणि जुनी कंपनी का सोडतोय म्हटलं की मॅनेजरचा उद्धार सुरू करायचा नाही, कितीही खरा असला तरी. मोठ्या लाइनवर काम करायचंय म्हण, तेही खरंच आहे.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल ठेव, अपडेट करत राहा, पण नुसतं त्यावर बसू नकोस. तुमच्याकडे गेज कॅलिब्रेट करायला येतो तो माणूस, टूल सप्लायरचा सेल्सवाला, सप्लायरची क्वालिटी बघणारा कस्टमरचा एसक्यूए, ही मंडळी दहा कंपन्या फिरतात, कुठे कोण सोडून चाललंय हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. त्यांना चहा पाज. आणि कुणी ट्रेनिंग फी नाहीतर युनिफॉर्मचं डिपॉझिट मागितलं तर फोन ठेवून दे.

पगाराचं नीट ऐक, कारण तू सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, ऐकून खूश होणारा माणूस. समज 7 लाख 20 हजार म्हणाले, म्हणजे महिना 60 हजार. बेसिक 30 हजार धरलं आणि पूर्ण बेसिकवर पीएफ असेल तर कंपनीचा 12% पीएफ 3600 त्यातच, ग्रॅच्युइटीचे 4.81% म्हणजे साधारण 1440 तेही त्यातच, मग तुझा स्वतःचा पीएफ 3600, प्रोफेशनल टॅक्स 200. हातात उरले 51 हजाराच्या आसपास, त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, घुसवलं असेल तर अजून कमी. म्हणून इन-हँड किती ते तोंडावर विचार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकायचा नाही, फोनवरच्या 'यू आर सिलेक्टेड'ला काडीची किंमत नाही.

हो, ते सातपूरचं राहिलंच, त्या पहिल्या कंपनीने पीएफला तुझी एक्झिट डेट टाकली नव्हती ना? यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम नंबरच्या, पोर्टलवर तुझी तूच टाकू शकतोस, बघून घे, नाहीतर व्हेरिफिकेशनला एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतील आणि नसती कटकट. ती तीन महिन्यांची नोकरी लपवायचीपण नाही, सर्व्हिस हिस्ट्रीत सगळं दिसतं.

इंटरव्ह्यू ठरला की आदल्या रात्रीच माझ्याकडे ये. सकाळी नाशकातून निघून वेळेवर पोचेन म्हणशील, पण चाकणच्या तळेगाव चौकात जे अडकतोस ते अडकतोसच. नवीन बायोडाटा रविवारपर्यंत पाठव, दोन पानाच्या वर नको, फोटो आणि वडिलांचं नाव काढून टाक. या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट आहे, फोन दुपारी दोनच्या आत कर.

तुझा,
पक्या