पुस्तकाच्या बातमीत पुस्तक कोठे असते?

मा. संपादक यांसी,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यात ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. आपल्या दैनिकाने त्या दिवसांत त्याला रोज दीड-दोन पाने दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. ती सर्व पाने मी कापून ठेवली आहेत. संमेलन आटोपल्यावर आमच्या वाचक मंडळाच्या बैठकीत ही कात्रणे पसरून आम्ही एक साधा हिशेब मांडला : या बातम्यांतून आपल्याला वाचण्याजोग्या किती पुस्तकांची नावे कळली? ग्रंथदिंडी कोणत्या रस्त्याने गेली, व्यासपीठावर कोण कोणाच्या शेजारी बसले, संमेलनाध्यक्ष विश्वास पाटील काय बोलले, मंडपातल्या भोजनाची व्यवस्था कशी होती, हे सारे सविस्तर होते. ग्रंथप्रदर्शनावर एक चौकटही होती, आणि तीत गाळ्यांची संख्या दिली होती. गाळ्यांत काय मांडले होते त्याविषयी अक्षर नव्हते. सगळ्या कात्रणांतून नवी पुस्तके निघाली तीन, तीही प्रकाशन समारंभाच्या छायाचित्रांखालच्या ओळींत. त्यांतल्या एका ठिकाणी लेखकाचे नाव छापायचे राहून गेले होते, पाहुण्यांची मात्र पाचही नावे होती.

वाचकाला पुस्तकाविषयी जी बातमी लागते ती वर्तमानपत्रांत फारशी येत नाही आणि जी येते ती बहुधा समारंभाची असते, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे. त्यावर आमच्यापुरता आम्ही जो उपाय केला, तो आपल्या जिल्हा पुरवणीला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सांगलीत विश्रामबाग भागात आमचे सोळा-सतरा जणांचे मंडळ गेली चौदा वर्षे चालू आहे. त्याला नाव नाही, नोंदणी नाही आणि वर्गणी चहापुरतीच आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमायचे, आणि बैठकीचे दोन भाग करायचे. पहिल्या भागाला आम्ही ‘हाती काय आहे’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘कानी काय आले’. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे नोंदी ठेवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. प्रत्येकाने आपल्या हातातल्या पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचे साल, पृष्ठसंख्या, किंमत आणि प्रत कोठे मिळाली, एवढे वहीत लिहायचे. त्यानंतर दहा ओळींपेक्षा अधिक नाही इतके टिपण लिहायचे. आणि शेवटी एक ओळ सक्तीची, ती म्हणजे ‘हे पुस्तक कोणी वाचू नये’. ही अखेरची ओळ आरंभी आम्ही गमतीने घातली होती, परंतु वही हातात आली की सगळे जण आधी तीच वाचतात, असे माझ्या लक्षात आले आहे. पुस्तकाची स्तुती कोणीही करतो. ते कोणासाठी नाही हे सांगायला मात्र ते खरोखर वाचावे लागते.

या पद्धतीचा खरा लाभ असा झाला की कोणाची आवड कशात आहे हे सर्वांना कळले आणि त्याबद्दलचा संकोच गेला. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आहेत. ते प्रवासवर्णने आणि किल्ल्यांवरची पुस्तके सोडून दुसरे काही वाचत नाहीत, पण लेखकाने घाटातली वळणे चुकवली असतील तर पृष्ठ क्रमांकासह दाखवून देतात. औषधांचे दुकान चालवणाऱ्या एक ताई रहस्यकथा वाचतात आणि विषाची मात्रा लेखकाने अंदाजाने घातली आहे की विचारून, यावर पुस्तकाची पारख करतात. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणी आटोपेपर्यंत बैठकीकडे फिरकत नाहीत, पण आले की दोन-तीन आत्मचरित्रांची टिपणे एकदम उतरवतात. मी स्वतः कवितेचा वाचक. या चौघांना एकमेकांच्या पुस्तकांत रस असण्याचे काही कारण नव्हते. तरीही गेल्या पावसाळ्यात मी दोन रहस्यकथा वाचल्या आणि ताईंनी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावरचे एक विवेचन वाचून त्यावर नेमके दहा ओळींत लिहिले. ‘कोणी वाचू नये’ या रकान्यात त्यांनी ‘घाईत असलेल्यांनी’ असे लिहिले आहे.

आता पुरस्कारांच्या बातमीचे एक उदाहरण देतो. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला मिळाला, तेव्हा मी पाहिलेल्या बातम्यांत एक लाख रुपये आणि ताम्रपट यांचा उल्लेख न चुकता होता. कादंबरी कशाविषयी आहे हे बहुतेक ठिकाणी अर्ध्या वाक्यात उरकले होते. आमच्या मंडळातले एक सभासद वारणेवरच्या चांदोली धरणामुळे गाव सोडून आलेल्या घरातले आहेत. धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे जंगलात राहिलेल्या जनावरांची ही गोष्ट आहे, हे त्यांना ‘कानी काय आले’ मध्ये कळले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्तक मागवले. त्यांचे टिपण वहीतले एकमेव असे आहे की ज्याला दहा ओळींची मर्यादा लावायला मला धजावले नाही. त्यांच्या वडिलांनी सोडून दिलेली जनावरे, नव्या वसाहतीत पहिल्या वर्षी चाऱ्यासाठी झालेली पायपीट, आणि कादंबरीतल्या कोणत्या गोष्टी त्यांच्या ऐकण्यातल्या आठवणींशी जुळतात व कोणत्या जुळत नाहीत, असे साडेतीन पाने त्यांनी लिहिले आहे. बातमीत विषयाच्या दोन ओळी नीट असत्या, तर हे पुस्तक त्यांच्यापर्यंत दीड वर्ष आधी पोहोचले असते.

दुसऱ्या भागातल्या बातम्यांत कोणते पुस्तक पुन्हा छापून आले, कोणते मासिक बंद पडले, कोणत्या वाचनालयात काय नवे दाखल झाले, असे असते. या बाबतीत मला स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट कबूल केली पाहिजे. पुस्तके स्वस्तात पाठवण्यासाठी टपाल खात्याची जी नोंदणीकृत बुक पोस्टची सोय होती ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, हे मला ठाऊक होते. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंतचा गठ्ठा १०० रुपयांत, कर वेगळा, असे दर ठरले, हे मात्र आयुष्य टपालात घालवलेल्या माझ्या कानी चार महिन्यांनी आले. तोपर्यंत पुण्याहून येणाऱ्या पुस्तकांसाठी आमची मंडळी खासगी कुरिअरला दुप्पट-तिप्पट पैसे मोजत होती. ही सेवा रस्ता वा रेल्वेने जाणारी असल्यामुळे थोडी सावकाश चालते. नियमित निघणारी नियतकालिके आणि व्यावसायिक जाहिराती असलेली प्रकाशने तीत चालत नाहीत. वाचणाऱ्या माणसाला ही साहित्यविषयक बातमी नाही तर काय आहे?

या शेवटच्या अटीमुळे दिवाळी अंक अर्थातच वगळले जातात, आणि सांगलीसारख्या ठिकाणी वर्षाचे निम्मे वाचन त्यांच्यावर चालते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. आम्ही प्रत्येक घराने एकच अंक विकत घ्यायचा आणि तो आठवड्याला एक घर या गतीने फिरवायचा, अशी वाटणी करतो. शेवटचा अंक शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत गुढीपाडवा येतो. कोणी कोणता अंक घ्यावा हे ठरवताना आम्ही वर्तमानपत्रांतल्या परिचयांचा आधार घेऊ पाहतो, तर तिथे वीस मुखपृष्ठे एका पानात आणि प्रत्येकाखाली ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ किंवा ‘वाचकांना निश्चित आवडेल’. वीसही अंक संग्राह्य असतील तर ते ठेवण्यासाठी घर बदलावे लागेल. अंकात कथा किती आहेत, एखादा दीर्घ लेख कोणत्या विषयावर आहे, पाने किती आणि जाहिराती वगळून किती, एवढे सांगितले तरी पुरे आहे.

चुका आमच्याकडूनही होतात. एक जुने चरित्र आता मिळत नाही, असे कोणाकडून तरी ऐकून मी बैठकीत सांगितले, ते वहीत गेले, आणि तिघांनी वाचनालयातल्या प्रतीवरून छायाप्रती काढून घेतल्या. त्याची नवी आवृत्ती पाच महिन्यांपूर्वीच निघाली होती. मोबाइलवर फिरत येणारे निरोप तर याहून बेभरवशाचे असतात; मागच्या वर्षीच्या पुस्तक प्रदर्शनाचा निरोप या वर्षीचा समजून आमचे दोन सभासद मिरजेला जाऊन बंद सभागृह पाहून आले. छापील बातमीला दिनांक असतो आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते, म्हणूनच ही विनंती मी वर्तमानपत्राला करत आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर दिल्लीच्या ९८व्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या सत्कारांच्या बातम्या आम्ही अभिमानाने वाचल्या. पण त्यांच्या लोकसंस्कृतीवरच्या लेखनापैकी कोणती पुस्तके त्या घडीला सांगलीत विकत मिळतात, हे आम्हाला हरभट रस्त्यावरची दुकाने पायी फिरून शोधावे लागले. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते, त्याचीही सविस्तर बातमी बहुधा दुसऱ्या दिवशी येते. आधी आली तर माणूस तिळगूळ खाऊन जाऊ शकतो.

वहीचे महत्त्व मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर विशेष पटले. त्या वेळी सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली, त्यांत जुनी आणि दुर्मीळ पुष्कळ होती. आमच्यातल्या अनेकांचे वाचन त्या वाचनालयावरच चालत असे. कृष्णेचे पाणी ओसरल्यावर वही उघडली, तेव्हा त्या वाचनालयातून आणून आम्ही कोणकोणती पुस्तके वाचली होती याची यादी प्रकाशक आणि सालासह तिच्यात सापडली. पुढे जुन्या बाजारात फिरताना ती यादी आम्ही खिशात ठेवत असू, आणि अजूनही काही नावांवर खूण व्हायची आहे.

आपल्या जिल्हा पुरवणीत आठवड्यातून एकदा अर्धा स्तंभ वाचकांच्या टिपणांना द्यावा, अशी माझी विनंती आहे. वर दिलेला तपशील आणि दहा ओळी, एवढाच नमुना ठेवावा. लेखकाच्या नातलगांची, प्रकाशकांची आणि सत्काराची टिपणे घेऊ नयेत. त्याच जागेत जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांनी महिन्याभरात घेतलेल्या पुस्तकांची नुसती नावे आली तरी चालतील. दाखल नोंदवहीतून ती उतरवायला ग्रंथपालांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये.

पहिल्या तीन महिन्यांची टिपणे आमच्या मंडळाकडून पाठवण्यास मी तयार आहे, मानधनाची अपेक्षा नाही. सभासदांपैकी निम्मे हाताने लिहितात आणि त्यांचे अक्षर चांगले आहे. तशीच पाठवली तर चालतील की टंकलिखित करून हवीत, एवढे कळवावे.

आपला,
वही सांभाळणारा एक वाचक
विश्रामबाग, सांगली