‘अखंड’ राजधानीत ह्युए कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला व्हिएतनामवरचा लेख वाचला. फोटो सुरेख, मथळा भारदस्त: ‘हनोई – हजार वर्षांची अखंड राजधानी’. यातला ‘अखंड’ लेखकाचा की तुमच्या उपसंपादकांचा, एवढे कळले तर बरे होईल. १०१० मध्ये ली थाय तो राजाने होआ लुच्या डोंगरांतून राजधानी हलवली आणि थांग लाँग, म्हणजे आजचे हनोई, वसवले, इथपर्यंत सगळे ठीक. पुढची हजार वर्षे मात्र लेखक एका उड्डाणात पार करतात. मारुतीरायालासुद्धा वाटेत दोन-तीन अडथळे आले होते हो!

त्या राजाचे राजधानी हलवण्याचे फर्मान आजही उपलब्ध आहे. चीनमधल्या शांग घराण्याने पाच वेळा आणि चौ घराण्याने तीन वेळा राजधानी बदलली, ती काही लहर म्हणून नव्हे, असे त्यात सुरुवातीलाच म्हटले आहे. आधीची दोन घराणी होआ लुलाच चिकटून बसली, याबद्दल त्याने त्यांना बोलही लावले आहेत. म्हणजे ज्याचे कौतुक करायला लेखक बसले, त्याला स्वतःलाच ‘अखंड’ची फारशी मातब्बरी नव्हती.

१३९७ मध्ये दरबारातला सर्वेसर्वा हो क्वी ली याने थान्ह होआला प्रचंड दगडी तट उभारून ‘ताय दो’, म्हणजे पश्चिमेची राजधानी केली. हा तट अजून उभा आहे, पण लेखात त्याला जागा मिळाली नाही. अठराव्या शतकात बंड करून सत्तेवर आलेल्या ताय सन भावांपैकी एकाने राज्य केले ते दक्षिणेकडच्या चंपा राज्याच्या जुन्या राजधानीच्या जागेवरून (तिचे नाव ‘विजय’, वाचकांना निदान नाव तरी ओळखीचे वाटले असते!), तर दुसऱ्याने, क्वांग चुंगने, फू स्वानहून. फू स्वान म्हणजेच आजचे ह्युए शहर. आणि १८०२ पासून १९४५ पर्यंत न्गुयेन घराण्याच्या तेरा सम्राटांची राजधानी ह्युए हीच होती. दीडशे वर्षांना सात कमी. फ्रेंचांनी १९०२ मध्ये इंडोचायनाचा कारभार सायगॉनहून हनोईला आणला, तरी सम्राट ह्युएतच होते.

खरी गंमत पुढेच आहे. न्गुयेन घराण्याचा पहिला सम्राट जिया लाँग ह्युएच्या गादीवर बसला, तेव्हा थांग लाँगमधला ‘लाँग’ म्हणजे ड्रॅगन त्याला खटकला. ड्रॅगन सम्राटाचे चिन्ह, आणि सम्राट तर इथे! म्हणून उच्चार तोच ठेवून चिनी लिपीतले अक्षर बदलले. ‘ड्रॅगन’च्या जागी आली ‘भरभराट’. पुढे १८३१ मध्ये त्याचा मुलगा सम्राट मिन्ह मांगने त्या प्रांताला ‘हनोई’ हे नाव दिले. म्हणजे हनोईला हनोई म्हणू लागले, तेव्हा ती राजधानीच नव्हती. आता तुमचा मथळा पुन्हा वाचावा, ही विनंती.

मी एवढा का चिडलो, तेही सांगतो. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी सौ.सह व्हिएतनामला गेलो. सहलीच्या पत्रकात ‘शाही ह्युए – पूर्ण दिवस’ असे ठळक छापले होते. राजवाड्याच्या आवारात सम्राटांच्या नावाने ओतलेली नऊ अजस्र कांस्यपात्रे आहेत. डोंगर, नद्या, झाडे, जनावरे, सगळा देशच त्यांवर कोरलेला. दा नांगहून येताना वाटभर मी सौ.ला त्यांचेच वर्णन ऐकवत होतो. पोहोचलो तर पाऊस. पुढच्या दरवाज्यासमोर चाळीस मिनिटे. ‘काका, आत नुसत्या भिंती आहेत, लढाईत सगळं पडलंय,’ इति टूर मॅनेजर. पुष्कळसे पडले आहे हे खरे, १९६८ च्या लढाईत ह्युएची धूळधाण झाली. पण ती पात्रे शाबूत आहेत हो! ज्या न्गो मोन दरवाज्यात ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दायने राज्यत्याग केला, त्याच्यासमोर आमची मंडळी निमुळत्या टोप्या घालून फोटो काढत होती. तिथून आम्हाला रेशमाच्या दुकानात नेले. तिथे दीड तास! तिथे पाऊस आड आला नाही.

परतल्यावर कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले, ‘ह्युए कव्हर झाले आहे.’ तुमच्या लेखातही ते असेच कव्हर झाले आहे, एका फोटोखाली, ‘मध्य व्हिएतनाममधील एक रमणीय शहर’ म्हणून.

जाता जाता आणखी एक. मथळ्यात ‘हनोई’, मजकुरात ‘हॅनोई’ आणि फोटोखाली ‘हानॉय’. राजधानी एक आणि नावे तीन, तीही एकाच पानावर! मुद्रितशोधक हे पद आपल्याकडे अजून आहे ना?

मागच्या खेपेस माझ्या पत्राचा उत्तरार्ध जागेअभावी गेला होता. या वेळी छाटायचेच असेल, तर मारुतीरायाचे वाक्य काढा. ह्युएचे तेवढे राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली