पॅरिसच्या त्या ताईंना, येवल्याहून

ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. 2025च्या फेब्रुवारीत फोंदासियाँ कार्तिए या कलासंग्रहालयात कोलंबियाच्या विणकर-कलावंत ओल्गा दे अमाराल यांचं प्रदर्शन सुरू होतं, तेव्हा सोन्याच्या कामांपाशी तुमची ड्यूटी होती. जाड स्वेटरवरून पदर खोचलेली एक बाई आठवते का? ती माझी आई.

तिचं उभं आयुष्य पैठणीच्या मागावर गेलं. कापड दिसलं की उलटून बघायची तिला खोडच आहे. पैठणी दोन्ही अंगांनी सारखी उतरली नाही तर ती कसली पैठणी! आपल्याकडच्या एका नामांकित दालनात याच खोडीपायी तिला ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि तेही चक्क पैठणीसमोर. "मावशी, लांब व्हा, महाग आहे ते." पाटीवर देणगीदाराचं नाव ठळक होतं. विणणाऱ्याचं कुठेच नाही.

म्हणून तुमच्याकडे ती हात पाठीमागे बांधून फिरत होती. एका कामापाशी मात्र राहवेना, वाकून खालचा काठ न्याहाळायला लागली. तुम्ही आलात तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. आईनं हवेतच बोटांनी तिल्ली, म्हणजे मागावरची धाग्याची छोटी कांडी, फिरवून दाखवली. तुम्ही तिच्या बोटांकडे पाहिलंत, हसलात आणि सरळ फरशीवर गुडघे टेकलेत. नेमकं कुठून पाहिलं म्हणजे सोन्याच्या वर्खाखालची वीण दिसते, ती जागा दाखवलीत. युनिफॉर्मातल्या माणसानं तिच्यासाठी गुडघे टेकलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मग काय, आईची कळी खुलली. "ही आधी विणते, त्यावर लेप देते, मग सोनं चढवते. आमची जर विणतानाच आत जाते." त्या अमाराल बाईंनी लंडनमध्ये सोन्यानं सांधलेलं भांडं पाहिलं आणि सोन्याच्या नादी लागल्या, हे भावानं सांगितलं. त्यावर आई म्हणाली, "सांधलेलं लपवलं नाही, हे बरं केलं."

माणुसकीला दुभाषा लागत नाही म्हणतात. खरं असेल. पण गुडघे टेकायची तयारी लागते, आणि ती पगारात धरलेली नसते.

या पत्राचं फ्रेंच भाऊ करून देणार आहे. आईचा निरोप आहे: येवल्याला या, जेवायलाच या. मागावर बसवीन म्हणते. धागा तोडलात तर मात्र ओरडेल, पाहुणे म्हणून सोडणार नाही.