कॅनडाचा दाखला उलटा लावू नका

मा. संपादक,

जून जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकसभांत कॅनडाचा दाखला हमखास निघतो. तिथली इंग्रजी घरांतली मुलं पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधून शिकतात, मग आपली मराठी मुलं इंग्रजीतून का नकोत?

कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातल्या सेंट लॅम्बर्टला १९६५ साली पालकांच्याच आग्रहानं हे वर्ग सुरू झाले. त्या मुलांची इंग्रजी देशभर चलतीची भाषा होती, ती पुसली जाण्याची भीती नव्हती. वर्गात फ्रेंच कुणालाच येत नव्हतं, म्हणून कुणी मागे पडलं नाही. बाई बोलायच्या फ्रेंच, पण मुलाची इंग्रजी त्यांना समजायची. शिवाय दुसरी-तिसरीपासून इंग्रजीचे तास सुरू होऊन पाचवी-सहावीपर्यंत निम्मं शिक्षण इंग्रजीत व्हायचं. आपल्याकडच्या इंग्रजी शाळेत मराठीला अशी जागा क्वचितच मिळते, आणि धड्यातलं प्रत्येक वाक्य हिंदी-मराठीत फोडून सांगावं लागतं.

कॅनडाची ही पद्धत खरी लागू पडते ती आपल्या मराठी बालवाडीला. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १९७१ पासून एक संस्था लहानग्यांचे तिथल्या वेल्श भाषेतले गट चालवते. त्यातल्या अनेकांच्या घरी वेल्श बोललीच जात नाही. बेळगाव शहरातल्या मराठी बालवाडीतही कन्नड-उर्दू घरांतली मुलं येतात, आणि मुलांशी हिंदी-इंग्रजीच बोलणारी मराठी घरंही आता कमी नाहीत.

इथं पहिलं पथ्य म्हणजे भाषांतर नको. ‘हात धू’ म्हणून लगेच ‘कै तोळ्को’ म्हटलं, की मूल मराठी सोडून देतं आणि पुढच्या वाक्याची वाट बघतं. त्याऐवजी नळाशी नेऊन, हात चोळून दाखवत ‘हात धू’ म्हणावं, रोज त्याच वेळी, त्याच शब्दांत. मूल ‘नीरु बेकु’ म्हणालं तर दटावू नये, ‘पाणी पाहिजे? घे पाणी’ म्हणत पेला हातात द्यावा. पहिले काही महिने मूल गप्प राहील. दिवाळीच्या सुमारास पालक घाबरतात आणि शाळा बदलतात, नुकसान तिथंच होतं. खुणेशिवाय सांगितलेलं ते करतंय का, एवढंच तोवर बघावं.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. मराठी घरचं मूल आणि नवखं मूल एकत्र खेळू लागली की दोघंही कन्नड नाहीतर हिंदीवर घसरतात. आयर्लंड-वेल्सचा अनुभवही असाच आहे. नवख्यांसाठी बाईंचं बोलणं सोपं होत जातं, आणि मराठी मुलाच्या पदरी नवं काहीच पडत नाही. म्हणून रोज वीसेक मिनिटं या मुलांना वेगळं बसवून लांब गोष्ट सांगावी, ‘का’ आणि ‘मग काय झालं’ विचारावं.

कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नड पहिलीपासून आहेच, ती नीट यायलाही हवी. शक्य तिथं ती वेगळ्या शिक्षकांनी, आधी तोंडी शिकवावी. कन्नड लिपी मात्र देवनागरी वाचन बसल्यावर.

घटनेचं कलम ३५० अ मातृभाषेची सोय सांगतं ती प्राथमिक टप्प्यावर. त्याआधीची वर्षं अंगणवाडीच्या हाती आहेत. तिथं कार्यकर्ती आणि मदतनीस दोघीही मराठी बोलणाऱ्या असाव्यात, असा ठराव ग्रामपंचायतींनी आणि शाळा समित्यांनी करून संबंधित खात्याकडे पाठवावा. मदतनीस आहार वाढताना कन्नड बोलली, तर मुलांच्या दिवसातला सगळ्यात बोलका वेळ मराठीच्या हातून जातो.

— बालवाडी प्रशिक्षणात काम करणारे काहीजण, खानापूर