चावडीवरच्या शिळेला नावे हवीत : ग्रामस्थ व मुंबईकर मंडळींना आवाहन

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर चाकरमानी, माहेरवाशिणी आणि बाहेरगावी नोकरीधंद्याला असलेली मंडळी यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी आपण सगळे लहानपणापासून पाहतो आहोत. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून ६१ माणसे गेली, पैकी ९ जणांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर आहे. नाव एकाचेही नाही. भरती झालेल्या गावागावांत सरकारने तेव्हा अशा पाट्या लावल्या त्या आकड्यांच्याच. त्या नऊ जणांची नावे कोरलेली दुसरी शिळा शेजारी बसवायची, आणि पावसाने फुगलेली चिऱ्याची भिंत त्याच कामात बांधून घ्यायची, असे गावकीच्या बैठकीत ठरले आहे. त्यासाठी हे आवाहन.

समितीचे आजवरचे काम जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्या पिढीसाठी लिहितो. चावडीचे छप्पर बसले तेव्हा ही पाटी गोणपाटात गुंडाळून खालच्या वाडीतल्या तात्यांनी आपल्या पडवीत ठेवली, पावसाळे गेले तरी तिला टवका उडू दिला नाही. परळच्या गावकीच्या खोलीतल्या गिरणी कामगारांनी, स्वतःचे पगार थकलेले असताना, पत्र्यांचे पैसे पाठवले. नमन मंडळाने मुंबईतल्या प्रयोगाची सगळी बिदागी दिली आणि गाडीभाडे आपापल्या खिशातून भरले. शाळेच्या गुरुजींनी निवृत्तीनंतर घरोघर फिरून वंशावळी लिहून काढल्या, ती वही नसती तर आज आम्ही काही बोलूही शकलो नसतो. आणि सुभेदार आजोबांच्या सूनबाईंनी देवघरातले पदक समितीला तपासायला दिले. त्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली सापडली. पहिले नाव तिथून मिळाले. या सर्वांचे ऋण समिती विसरलेली नाही.

आपल्या घरांत ‘बसऱ्याला गेला’ असे म्हणतात, पण पुढे काय झाले ते कुणी सांगत नाही. फ्रान्सच्या खंदकांवर खूप लिहिले गेले, मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली, तुर्कांविरुद्धची मोहीम मात्र विस्मरणात गेली. आणि हिंदुस्थानातून सर्वांत जास्त माणसे गेली ती तिथेच. नोव्हेंबर १९१४ मध्ये समुद्रकाठच्या फाव गावी उतरून बसरा घेतले ते सहाव्या पुणे डिव्हिजनने. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १०३ म्हणजे आजची जंगी पलटण. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली, सप्टेंबरात कुत घेतले आणि तेवढ्यावर न थांबता जनरल टाउनशेंडची फौज अपुऱ्या बोटी आणि अपुरे डॉक्टर घेऊन बगदादकडे निघाली. नोव्हेंबरात टेसिफॉनला साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणले. त्या हालांची चौकशी लंडनला झाली आणि १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

मागे फिरलेली फौज डिसेंबरात कुतमध्ये अडकली. जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा होता. गावात धान्य सापडले तर दळायला जाती नाहीत, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले. घोड्याचे मांस खायला आपले बहुतेक शिपाई तयार होईनात. धर्मगुरूंचे परवानगीचे निरोप मागवले तरी अगदी शेवटापर्यंत अनेकांनी हात लावला नाही, आणि जवावर राहून स्कर्व्ही (ताज्या भाजीफळांअभावी होणारा रोग) अंगावर काढली. सोडवायला गेलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण कैद झाले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले आणि त्यांतल्या पुष्कळ हिंदी कैद्यांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपले. आपल्या नऊपैकी निदान दोघे त्या वाटेवर गेले, असे गुरुजींच्या वहीवरून दिसते.

बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये उघडले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणवार आकडा. म्हणजे तिथेही आकडा, इथेही आकडा. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली, ठीक आहे. ‘इंडिया गेटवर असतील की नावे’ असे आम्हाला ऐकवतात. तिथली सुमारे १३ हजार नावे प्रामुख्याने वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली आहेत.

दुसरे ऐकवले जाते ते असे, की इंग्रजांच्या लढाईत मेले, त्यांचे आपल्याला काय? लढाई इंग्रजांचीच होती, कोण नाही म्हणतो? पण महिना ११ रुपयांसाठी गेलेला माणूस आपल्याच वाडीतला होता आणि त्याच्या मनिऑर्डरीवर चालणारी चूल आपल्याच आळीत होती. मागच्या वेळी हेच आवाहन केले तेव्हा ज्यांच्या घरात नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर लागतो त्यांच्याकडूनही उत्तर आले नाही. पालखीच्या ऑर्केस्ट्राची वर्गणी मात्र एका आठवड्यात जमली. आम्हाला ऑर्केस्ट्राचा राग नाही, पण लिहायला हवे म्हणून लिहितो. तालुक्याच्या एका कार्यालयात अर्ज पडून आहे, त्यावर आता आशा ठेवलेली नाही.

पैशांइतकीच गरज कागदांची आहे. नऊपैकी पाच नावे पक्की झाली, चार बाकी आहेत. मेलेल्या शिपायाच्या घरी तेव्हा काशाची वाटोळी तबकडी यायची, तळहाताहून थोडी मोठी, तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह असतो आणि उठावाच्या अक्षरांत शिपायाचे पूर्ण नाव. आपल्याकडे एक तबकडी हंड्यावर झाकण म्हणून वापरात होती. कृपया माळा, पेटारा, देवघर बघा आणि भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला दाखवा. जुनी पेन्शनबुके, मनिऑर्डरीच्या पावत्या, पदके, काहीही चालेल. फोटो काढून वस्तू त्याच दिवशी परत देऊ. पलटणीत नव्हते पण खेचरवाले, भिस्ती, हमाल म्हणून गेले त्यांचीही माहिती द्या. १९१७ च्या १११ व्या महार पलटणीत कुणी असल्यास ते जरूर कळवा, ही शिळा एका आळीची नाही.

खर्च : काळा दगड, कोरीव काम, भिंत व गटार मिळून अंदाजे २,८५,००० रु.; जमा ९४,००० रु. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, आगाऊ निम्मे द्यायचे आहेत. रोख खजिनदारांकडे किंवा मुंबईत खोलीवर जमा करून पावती घ्यावी, पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. क्यूआर कोड चावडीच्या फळ्यावर व ग्रुपवर आहे, ऑनलाइन पाठवल्यास नाव व वाडी लिहावी. आयकर सवलत नाही. वाळू, सिमेंट, ट्रॅक्टरची खेप चालेल. शिमग्याला गावी येणाऱ्यांनी होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रमदानाला यावे, घमेली-फावडी आपापली आणावीत, चहा बचत गटाकडून. वर्गणीची शेवटची तारीख गुढीपाडवा. शिळा २९ एप्रिलला, म्हणजे कुत पडले त्या तारखेला, बसवायची आहे, नावे त्याआधी तीन आठवडे कोरणाऱ्याकडे द्यावी लागतील, नंतर आलेले नाव या शिळेवर बसणार नाही याची नोंद घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस, स्मारक समिती
(समिती व गावकीच्या वतीने)