ऑगस्टमधले डिप्रेशन अवेळी कसे?

संपादक महोदय,

बंगालच्या उपसागरावरील डीप डिप्रेशनची (कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राची, चक्रीवादळाच्या एक पायरी अलीकडची) बातमी देताना आपण मथळ्यात 'अवेळी' असे म्हटले आहे. ऑगस्टमध्ये? भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारखीला हे वाचून गप्प बसवेना.

जून ते सप्टेंबर या काळात देशावर आणि लगतच्या समुद्रांवर कमी दाबाची साधारण १३-१४ क्षेत्रे तयार होतात. त्यांतली काही बळावून डिप्रेशन होतात आणि वारे ताशी ५० किलोमीटरच्या घरात गेले की डीप डिप्रेशन. ते जमिनीवर असेल तर पायरी ठरवायला नकाशावरच्या समदाब रेषा (हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या) मोजतात. वर्गात मी मुलींकडून दोन-दोन हेक्टोपास्कलच्या (हे हवेच्या दाबाचे एकक) फरकाने त्या काढून घेत असे. केंद्राभोवती दोन बंद वेढे पडले की डिप्रेशन, तिसरा पडला की डीप. खोडून खोडून कागद फाटायचा. पण ओडिशावरून छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे जाणारी डिप्रेशनची वाट डोक्यात पक्की बसायची. अशा वेळी विदर्भाला पाऊस का झोडपतो तेही कळायचे, कारण सर्वांत जोराच्या सरी केंद्राच्या नैऋत्येला पडतात.

नवल करायचेच तर २००२ सालचे करावे. त्या पावसाळ्यात एकही डिप्रेशन झाले नाही आणि देशात पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला.

किंवा ऑगस्ट २०२४ मधल्या 'असना' चक्रीवादळाचे. सौराष्ट्र-कच्छवरचे डीप डिप्रेशन जमिनीवरून अरबी समुद्रात उतरले आणि तिथे त्याचे चक्रीवादळ झाले! एरवी पावसाळ्यात खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे वाहतात. उभ्या वाढू पाहणाऱ्या वादळाला ते सरळ उभेच राहू देत नाहीत. म्हणून तर ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ १९७६ नंतर थेट त्या वर्षी झाले. तिथे 'अवेळी' शोभले असते. (आपण ती बातमी आतल्या पानावर टाकली होती.)

नेहमीचे म्हणजे निरुपद्रवी, असे मी म्हणत नाही. पूर याच डिप्रेशनांनी येतात. पण मग मथळ्यात पुराचे सांगा. आणि बातमीत महिना, समुद्र व वाऱ्याचा वेग एवढे तरी द्या. चक्रीवादळ ताशी ६२ किलोमीटरपासून पुढे धरतात, हेही एका ओळीत मावेल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका