दाखला बघा, पण प्राणीही बघा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, गोवा राज्य,
सचिवालय, पर्वरी.

विषय : विक्रीतले साप, सरडे, कासवे पैदाशीतली की रानातून पकडलेली, याची तपासणी

महोदय,

वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियम आले आणि बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर), हिरवा इग्वाना (अमेरिकेतला मोठा सरडा), सुलकाटा (आफ्रिकेतले जमिनीवरचे कासव) असे कायद्याच्या अनुसूची चारमधले विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणे भाग पडले. हे व्हायलाच हवे होते. पण प्राणी कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच त्या नोंदीचा दाखला सांगतो. प्राणी अंड्यातून कुठे बाहेर पडला, हे त्यावरून कळत नाही. शिवाय २०२०च्या ऐच्छिक योजनेत मुदतीत जाहीर केलेल्या प्राण्याचे मूळ कागद कोणी मागतच नव्हते. तरी दाखला दिसला की गिऱ्हाईक निर्धास्त होते, आणि तपासायला आलेला वनरक्षकही पुढे बघत नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

आधी सोपा भाग. अजगर, घोरपड, आपल्या तळ्यातले मऊ पाठीचे कासव, आणि बाजारात सर्वाधिक मागणी असलेले तारा कासव हे सगळे आपल्या देशातले, अनुसूची एकमधले प्राणी आहेत. यांच्या बाबतीत ‘घरीच अंडी फुटली’ हा बचाव चालत नाही. बाळगणे हाच गुन्हा आहे, त्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार दंड. पैदास की पकड, हा प्रश्न इथे येतच नाही. तारा कासवाच्या पाठीवरचे उंचवटे दाखवून ‘बघा, हे घरात वाढलेले’ म्हणणारे विक्रेते असतात. त्या जातीला थोडेफार उंचवटे रानातही येतात.

खरी कसोटी विदेशी प्राण्यांची, आणि ती दोन ठिकाणी लावावी लागते : कागदावर आणि अंगावर.

कागदावर हिशोब मांडायचा. बॉल पायथनची मादी साधारण दीड किलोची झाल्याशिवाय तिला वीण देत नाहीत, त्याला तीनेक वर्षे जातात. ती वर्षाला फार तर एकदा अंडी घालते, बहुधा चार ते आठ, क्वचित दहा-अकरा. ३१-३२ अंशांना ती फुटायला जवळपास दोन महिने लागतात. आता एका जोडीच्या नावावर वर्षात वीस पिल्ले नोंदली असतील, किंवा गेल्या वर्षी पिल्लू म्हणून नोंदलेल्या मादीला यंदा पिल्ले झाली असतील, तर बाहेरून आलेला माल घरच्या पैदाशीत मिसळला आहे असे समजावे. सुलकाटाचे तर याहून स्पष्ट आहे. ते वयात यायला दहा-पंधरा वर्षे घेते. ज्याच्याकडे ताटाएवढीच कासवे आहेत, त्याच्याकडे पाच सेंटीमीटरची पिल्ले आली कुठून? जन्माची नोंद स्वीकारताना अंडी घातल्याची तारीख, अंड्यांचा फोटो आणि आईच्या कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा क्रमांक मागितला, तरी निम्मे खोटे तिथेच अडेल. प्रामाणिक ब्रीडर हे सगळे ठेवतोच. वजन, खाणे, कात टाकल्याच्या तारखा हे त्याच्या वहीत असतेच.

आयात केलेला प्राणी असेल, तर सायटिस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यावरचा उगमाचा रकाना वाचा. ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातला, ‘सी’ म्हणजे पैदाशीतला. ‘एफ’ बंदिवासात जन्मलेला असतो, पण ‘सी’च्या निकषात बसत नाही. चौथे अक्षर आहे ‘आर’. टोगो, घाना, बेनिनमधून येणारी बॉल पायथनची पिल्ले मोठ्या प्रमाणावर याच प्रकारची : गाभण माद्या किंवा अंडी रानातून आणायची आणि शेडमध्ये उबवून पिल्ले विकायची. ही पिल्ले अंगाने स्वच्छ, एकाच मापाची, नुसत्या डोळ्यांना पैदाशीतलीच वाटतात. त्यांना पकडायचे तर कागदच बघावा लागतो.

अंगावरची तपासणी उजेडात, प्राणी हातात घेऊन करावी लागते, काचेबाहेरून नाही. सापाच्या डोळ्यांच्या कडा, ओठांवरचे खड्डे, हनुवटीखालची घडी आणि विष्ठामार्गाजवळचे खवले भिंगाने बघा. तिथे गोचीड किंवा गोचीड काढल्यावर राहिलेला वाकडा, उचललेला खवला दिसला तर संशय पक्का. मिरीच्या चुऱ्यासारखे फिरणारे काळे माइट (रक्त पिणारे बारीक जीव) मात्र पुरावा नव्हेत. ते चांगल्या ब्रीडरकडेही लागतात. नाकावरची घासलेली जखमही एकटी पुरेशी नाही, छोट्या टाकीत कोंडलेला घरचा सरडाही नाक फोडून घेतो. कातडीखाली हलणारी मऊ गाठ, भरलेल्या जुन्या जखमा, तुटलेली बोटे, पुन्हा उगवलेली एकरंगी शेपटी हे एकत्र आले की वजन वाढते. सुलकाटाच्या कवचाचे उलटे आहे. रानातल्याचे कवच गुळगुळीत, झिजलेले, कडांना ओरखडे असलेले असते. लहानपणी कोरड्या हवेत आणि जास्त खुराकावर वाढवलेल्याच्या पाठीवर उंचवटे येतात. अर्थात काळजीने वाढवलेले कासवही गुळगुळीत निघते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

दुकानातल्या घोळक्याकडे बघणेही उपयोगी. एकाच जातीचे सगळे प्राणी प्रौढ, वेगवेगळ्या मापाचे आणि पिल्लू एकही नाही, तर ते बहुधा गोळा केलेले. विक्रेत्याला प्राणी तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. पैदाशीतले सापाचे पिल्लू सहसा गोठवून कोमट केलेला उंदीर घेते. रानातला साप महिनोन्महिने तोंड फिरवतो.

शेवटी विष्ठा. नमुना ताजा, घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवून २४ तासांत पोचवायचा. थेट काचपट्टी आणि फ्लोटेशन (दाट द्रावणात जंतांची अंडी तरंगवून बघणे), दोन्ही करायच्या, आणि आठवड्याच्या अंतराने तीनदा, कारण जंतांची अंडी रोज पडत नाहीत. पिनवर्म (बारीक जंत) आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशी परजीवी) घरच्या प्राण्यातही सापडतात. पट्टकृमी किंवा पर्णकृमी मात्र मधल्या यजमानाशिवाय, म्हणजे आधी दुसऱ्या एखाद्या प्राण्यात वाढल्याशिवाय, पुरे होत नाहीत. गोठवलेल्या उंदरांवर वाढलेल्या सापात ते आले तर विक्रेत्याला उत्तर द्यावे लागेल. अहवाल स्वच्छ आला म्हणून प्राणी पैदाशीतला ठरत नाही, विकण्याआधी जंताचे औषध दिलेले असू शकते. आणि कासवाला आयव्हरमेक्टिन कधीही देऊ नये, ते मरते. गुरांचे औषध वापरून कासवे गमावणारे खूप आहेत.

यासाठी खात्याकडून हवे ते फार नाही. प्रत्येक रेंजला (वनपरिक्षेत्राला) आणि मोपा, दाबोळी, मडगाव स्थानक, पत्रादेवी, पोळे, मोले येथे एकेक चिप रीडर द्या. तो १३४.२ किलोहर्ट्झसोबत जुन्या १२५च्या चिपाही वाचणारा असावा, नाहीतर चिप असूनही ‘नाही’ दाखवतो. चिप बसण्याइतके मोठे नसलेल्या पिल्लाच्या नोंदीला पाठीचा आणि पोटाचा फोटो सक्तीचा करा, सापाची नक्षी आयुष्यभर ओळखू येते. गिऱ्हाइकाला विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक रेंज कार्यालयात फोन करून पडताळता यावा. आणि निदान एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वरची विष्ठा तपासणी माफक शुल्कात सुरू करा.

जप्तीबद्दल एक लेखी आदेश तातडीने हवा. पकडलेला प्राणी, मग तो देशी का असेना, मूळ ठिकाण ठाऊक नसताना खोतीगाव किंवा मोलेच्या रानात सोडू नये. तारा कासव गोव्याचे नाहीच, आणि बाजारात दहा जातींशेजारी राहिलेले जनावर कोणता रोग घेऊन येईल हे बाहेरून दिसत नाही. त्याला आधी निदान तीन महिने इतर प्राण्यांपासून वेगळे, स्वतःच्या भांड्यांसह ठेवावे, आणि ती जागा कोणती हे आदेशात नावानिशी लिहावे.

आपले,
गोव्यातील सर्पमित्र, सरीसृप पाळणारे आणि पशुवैद्य